तडा नसलेली कॅप

शांताराम मिस्त्रीने मला फसवलं. नाना शेटने नाही. नाना शेटने मला विकलेली मोटार धड होती. ही तीन वाक्यं लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं, कारण तेवढा काळ मी महाडच्या बाजारात आणि पोलादपूरच्या स्टँडवर नेमकं उलटं सांगत फिरलो. ज्याने फसवलं त्याच्या पाया पडत होतो आणि ज्याने फसवलं नव्हतं त्याला शिव्या घालत होतो. मिस्त्रीकडे माझं एक मागणं आहे, ते शेवटी सांगतो. आधी घर सांगतो, कारण या भांडणाचं मूळ घरातच आहे.

आमची वाडी कापड्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. खाली कापड्यात भाताची खाचरं, वर आमच्याकडे नाचणी, वरी आणि गुरं. मोटारीचा रस्ता कापड्यापर्यंतच, पुढे अर्ध्या तासाची पायवाट. वाडीतले बहुतेक बाप्ये मुंबईत, त्यामुळे वाडीचा आवाज बायकांचा आणि जनावरांचा. पहाटे शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, मग जात्याची घरघर, मग चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज. आमच्या दारात एक मोठं उखळ होतं. सणाच्या आधी त्याच्याभोवती चार बायका चार मुसळं घेऊन उभ्या राहायच्या आणि एकामागून एक घाव घालायच्या. धप, धप, धप, धप. एकीचा हात चुकला की मध्ये एक भोक पडायचं आणि घरात बसलेली आय न बघता ओरडायची, "कोन गो ती झोपलेली?" हा आवाज मी लहानपणापासून ऐकला म्हणून पुढे इंजिनाचा आवाज मला कुणी शिकवावा लागला नाही. चार सिलिंडरांचं इंजिन म्हणजे चार बायकांचं उखळच.

माझ्या आयजवळ पन्नासेक शेळ्या होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं; सगळ्यांत लाडकी ढवळी. बाबा गुरांमागे असायचे, बोलायचे कमी. शेळी विकायची झाली तर ती महाडच्या बाजारात मी न्यायचो, अगदी दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून, कारण बाबा पहिल्या बोलीलाच मान हलवायचे. गिऱ्हाईक शेळीच्या पाठीवरून हात फिरवताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं, हे मी तिथे शिकलो. पाय निघायला लागले की खरी बोली येते. संताप मात्र शिकावा लागला नाही, तो उपजत आहे. माझी बायको म्हणते, भांडण मिटलं तरी तुमचा आवाज दोन दिवस खाली येत नाही.

सतरा वर्षांचा झालो तसा मामाने मुंबईला नेलं. आठ महिने राहिलो. खोलीत आम्ही अकरा जण, पाळीपाळीने झोपायचं. मामा चांगला माणूस. त्याने त्याच्या कंपनीत शब्दही टाकला होता. पण मी गणपतीला म्हणून आलो तो परत गेलोच नाही. चार वर्षं इकडेतिकडे जीप चालवली, लायसन काढलं, आणि मग आयच्या मागे लागलो की आपली स्वतःची गाडी घेऊ. पोलादपूरच्या स्टँडवरून महाबळेश्वरला जाणारी माणसं रोज असायची आणि एसटी ठरलेल्या वेळीच.  तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना आय म्हणाली, "अकरा ठेव, बाकीच्या ने. ढवळीला हात लावायचा नाय." जी मोटार आली ती त्या शेळ्यांची होती, माझी नव्हती, हे मी त्या वेळी विसरलो. वाडीत मात्र कुणी विसरलं नाही.

नाना शेट महाडच्या बाजारपेठेतला भुसारी. धान्याचं दुकान, पांढरा सदरा, हळू बोलणं. त्याची फिकट पिवळी पेट्रोलची मोटार मी तीन बाजारांत घासाघीस करून घेतली. सगळं जमलं, फक्त छतावरची कॅरिअर द्यायला तो तयार होईना. "काशिनाथ, गाडी ने. कॅरिअर दुकानाला लागते, ती देणार नाही." मी कॅरिअरवर अडून बसलो आणि त्या नादात जे बघायचं ते बघितलं नाही. गाडी चालवून बघितली ती दासगावपर्यंत आणि परत. एका बाजूला सावित्री, दुसरीकडे शेतं, आणि रस्ता तळहातासारखा सपाट. डोंगरातला माणूस मी, आणि मोटार पारखली सपाटीवर! शेळी घेताना कधी बसलेली घेतली नव्हती.

गाडी कापड्याला लावली त्या दिवशी आय ताट घेऊन खाली उतरली. ताटात हळद, कुंकू, नारळ, आणि ढवळीचं दूध वाटीत. तिने चाकांकडे बघितलंही नाही. म्हणाली, "नांगराची पूजा फाळाला करत्यात, दांड्याला नाय. हिचा फाळ कुठला, दाव." मला काय अभिमान वाटला! मी बॉनेट उघडून दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि डिस्ट्रिब्युटरची कॉफीच्या कपाएवढी काळी कॅप दाखवली, जिच्यातून जाड वायरी निघतात. "ही बघ आय. सगळा करंट हिच्यातून जातो. ही थांबली की गाडी मेली." आयने कुंकू दुधात कालवलं आणि त्या कॅपवर वरून खाली पाच बोटं ओढली. मग त्यावर अंगारा लावला. म्हणाली, "दर आवसेला करीन."

दुसऱ्या दिवशी पहिली फेरी. महाबळेश्वरला जाणारी पाच माणसं, डिकीत दोन पोती तांदूळ. कापडं सोडलं, घाट लागला, पहिलं वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्या वळणावर चढ उभा होतो तिथे पाय खाली दाबला आणि गाडीने ठेच खाल्ली. धप, धप, भोक, धप. पुन्हा भोक. पाय उचलला की ठीक, दाबला की झटके. दुसरा गिअर टाकला तरी तेच. शेवटी माणसं उतरली, गाडी वळवली, आणि उताराला ती बाई अशी गोड चालली की जसं काही झालंच नाही. वरून एसटी येत होती. तिचा कंडक्टर आमच्या कापड्याचाच. खिडकीतून अंग बाहेर काढून म्हणाला, "काय रे काश्या, शेळ्या इकून शेळीच घेतलीस काय? ठेचकाळते बघ कशी!" अख्खी एसटी हसली.

त्या संध्याकाळी घरी कुळथाची पिठी आणि भात होता. बाबा जेवून हात धुऊन आले आणि इतकंच म्हणाले, "शिमग्यापत्तूर बघ. चढली तर चढली. नायतर मामाची चिट्टी आली हाय, जागा हाय म्हनतो." म्हणजे माझ्या हातात जेमतेम दोन महिने होते. गाडी घाट चढली तर मी घरी, नाही चढली तर ती अकरा जणांची खोली. आयने माझ्या भातावर पिठी दुसऱ्यांदा वाढली.

शांताराम मिस्त्री मूळचा कापड्याचाच, पण गॅरेज पोलादपूरला हायवेच्या कडेला. चार पत्रे, एक खड्डा, भिंतीवर जुन्या टायरांची रांग. बारीक अंगाचा, उजव्या कानाला कायम विडी खोचलेली. मी गेलो तो भांडणाच्या पवित्र्यातच. म्हटलं, कार्बोरेटर खराब हाय, शेटने फसवलं, कार्बोरेटर खोला. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"तू डाक्टर, मी पेशंट. मग हितं आलास कशाला?"

"पण चढावरच मारते ना झटके!"

"झटके मारते का दम सोडते? नीट सांग. म्हातारा चढताना दमतो तशी हळूहळू बसते, का धावत्या पोराला ठेच लागते तशी?"

"ठेच."

"मग पेट्रोल नाय. पेट्रोल कमी पडलं की गाडी दमते. करंट चुकला की ठेचकाळते. कार्बोरेटरला हात लावू नको. चा घे."

चहा घेता घेता त्याने मला जे सांगितलं ते मी पुढे माझ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं. प्लगच्या टोकाला बारीक फट असते. ठिणगी ती फट उडी मारून ओलांडते. सपाटीवर सिलिंडरमध्ये दाब कमी, उडी सोपी. चढावर पाय दाबला की आत दाब वाढतो आणि तीच उडी जड होते. "तुझी आयस भारा घेऊन येते ती सपाटीला सरळ येते," मिस्त्री म्हणाला. "उभा चढ लागला की आडवाट बघते का नाय? करंट तसाच. उडी जड झाली आणि बाजूला कुठं सोपी वाट गावली, की पळाला तिकडं. मग त्या सिलिंडरात ठिणगीच नाय. तुझ्या गाडीत करंटाला आडवाट गावलेली हाय. ती कुठं, ते हुडकायचं."

त्याने चारही प्लगच्या फटी थोड्या कमी केल्या आणि मला पोती भरून घाटात पाठवलं. गाडीने तिसऱ्याऐवजी पाचव्या वळणावर ठेच खाल्ली. मी चिडून परत आलो, तर तो खूश. उडी सोपी केली की ठेच पुढे सरकते, म्हणजे चोर करंटाचाच, आता पक्कं झालं. मग त्याने कंडेन्सर बदलून बघितला, कॉइल बदलून बघितली. कॅप काढून आतून बघितली; आत लख्ख होती. बाहेरून तिच्यावर धूळ आणि ऑइलचा थर बसला होता, तसा सगळ्या इंजिनावरच होता. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, घाटात जाऊन यायचं, काय झालं ते सांगायचं, जुनी वस्तू परत बसवायची. मला हे सहन होईना. एका फेरीत तीन आठवड्यांचं काम उरकेल असं वाटायचं. मिस्त्री म्हणायचा, "एका वेळी एकच रे. दोन बायका एकदम बोलल्या तर खरी कोन, कळतं का?"

मी ऐकलं नाही. एके दिवशी मिस्त्री लग्नाला गेला होता. मी महाडहून नवे प्लग आणले, नव्या वायरी आणल्या, आणि इंजिन रॉकेलने घासून, पाण्याने धुऊन, उन्हात सुकवलं. तिन्ही एकाच दिवशी. आणि गाडी चढली! पोत्यांसकट, पाच माणसांसकट, थेट वरपर्यंत. वर जाऊन मी हॉर्न वाजवत दोन चकरा मारल्या, आयसाठी गाजरं घेतली, आणि येताना गॅरेजसमोर थांबून मिस्त्रीच्या पोराला सांगितलं, "तुझ्या बापाला सांग, काश्यानं एका दिवसात केलं." घरी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी झाली. आय इतकी खूश की दोन दिवसांनी अमावास्या होती, तर ती पहाटेच दुधाची वाटी घेऊन कापड्याला हजर.

त्याच दिवशी तिसऱ्या वळणावर गाडीने ठेच खाल्ली.

मी गाडीला लाथ मारली. पायाचं नख निघालं, ते अजून वाकडं आहे. लंगडत गॅरेजला गेलो. मिस्त्रीला हसू आवरत नव्हतं, पण त्याने टोमणा मारला नाही. विचारलं, "काय काय केलं होतंस?" मी सांगितलं. "मग कशानं चढली?" प्लगने? वायरींनी? धुण्याने? मीच माझा पुरावा पुसला होता. आज माझ्याकडे कुणी येऊन म्हणतो की धंदा बसला म्हणून मी भाव कमी केला, माणूस बदलला आणि जागाही बदलली, तेव्हा माझं ते वाकडं नख ठणकतं.

मिस्त्रीने शांतपणे जुने प्लग बसवले. ठेच तशीच, तिथेच. जुन्या वायरी बसवल्या. ठेच तशीच. "म्हणजे प्लग नाय, वायरी नाय. ऱ्हायलं काय? धुनं. धुतल्यावर बरी व्हते म्हंजे चोर बाहेरच्या अंगाला हाय. आता धूऊ नको, चोर पळंल. त्याला पकडायचा." आणि त्याने मला घरून घोंगडी आणायला सांगितली.

घोंगडी घेऊन आयही आली, कारण घोंगडी तिच्या बापाची होती आणि ती कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हती. दुपारचं ऊन. मिस्त्रीने मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. बॉनेट उघडून त्यावर घोंगडी पसरली, मला खाली घुसवलं, आणि पंख्यात अडकू नये म्हणून घोंगडीची कड आयच्या हातात दिली. तो स्वतः गाडीत बसला. त्याची युक्ती अशी की ब्रेक दाबून धरायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच जरासा सोडत पाय दाबायचा. गाडी जागची हलत नाही, पण इंजिनाला वाटतं घाट आला. "डोळं उघडं ठेव, हात खिशात ठेव!" तो ओरडला. घोंगडीखाली मिट्ट काळोख, मेंढीचा वास, पेट्रोलचा वास, तापलेल्या लोखंडाची धग. इंजिन कण्हायला लागलं. गाडीचं नाक खाली दबलं. आणि धप, धप, भोक. त्याच क्षणाला मला ती दिसली. निळी, बारीक, गांडुळाएवढी. कॅपच्या डोक्यावरून निघून अंगावरून वळवळत खालच्या लोखंडाकडे गेली आणि विझली. भोक पडलं की ती यायची. मी घोंगडीतून किंचाळत बाहेर आलो.

"कॅपवरून! बाहेरून पळतोय!"

मिस्त्रीने इंजिन बंद केलं, क्लिपा सोडून कॅप हातात घेतली, अंगठ्याने वरची धूळ पुसली आणि उन्हात धरली. मग त्याने माझ्याकडे नाही, आयकडे बघितलं. आय घोंगडी छातीशी धरून उभी. "काय झालं भावजी? देवाचं काय चुकलं का?" तिने विचारलं. मिस्त्री कॅप घेऊन आत गेला. एक विडी ओढायला लागते तितका वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा हातात कॅप होती, पुसलेली, आणि तिला केसासारखा तडा होता. "ह्यो बघ. तडा. शेटाच्या वक्ताचा. जुना हाय." मग आयला म्हणाला, "वयनी, एक सांगू? इंजिनाला लय गरमी. देव बसत नाय तितं. ह्यापुढं कुंकू चाकाला लावा."

"चाकाला?" आय म्हणाली. "चाक तर शेनातून जातं."

"शेन पवित्रच की वयनी."

आय हसली. तिने पुढे मरेपर्यंत कुंकू चाकालाच लावलं.

नवी कॅप बसवली आणि गाडी त्या संध्याकाळी घाट चढली, दुसऱ्या दिवशी चढली, शिमग्याला मुंबईकरांच्या सात खेपा करून चढली. बाबांनी मामाला स्वतः चिठ्ठी लिहिली. बाबांनी आयुष्यात लिहिलेली बहुधा ती एकच. पण मी गप्प बसणारा नव्हतो. तडा गेलेली कॅप खिशात घालून मी बाजाराच्या दिवशी नाना शेटच्या दुकानासमोर उभा राहिलो आणि तोंड सोडलं. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेट गादीवरून उठून बाहेर आला.

"काशिनाथ, हा तडा माझ्या वेळचा नाही. सहा वर्षं मी ही गाडी घाटातून नेली. माझी सासुरवाडी महाबळेश्वरला आहे."

"मग मला दासगावला कशाला फिरवलंत? घाटात न्यायचं व्हतं!"

"तूच दासगाव म्हणालास."

खरं होतं ते. मीच म्हणालो होतो. पण लोक जमले होते आणि माझ्या हातात तडा होता. मी कॅप सगळ्यांना दाखवली, तोंडाने झटक्यांचा आवाज काढून दाखवला, आणि मागून एक हमाल ओरडला, "मिसिंग शेट!" ठेच खाणाऱ्या इंजिनाला ड्रायव्हर लोक मिसिंग म्हणतात. बाजार हसला. शेटने नोकराला सांगून माळ्यावरची कॅरिअर खाली काढवली आणि माझ्या पायाशी ठेवायला लावली. "घेऊन जा. पण मी फसवलं नाही." मी ती खांद्यावर टाकून मिरवत नेली.

नाव चिकटलं. पुढे शेट रस्त्याने गेला की चहाच्या टपरीवरून कुणीतरी तोंडाने फट्, फट् असा आवाज काढायचं. ज्यांना माझी गोष्ट ठाऊकही नव्हती, ती शाळेतली मुलंसुद्धा त्याला मिसिंग शेट म्हणायची. त्याने चहाला बाहेर येणं सोडलं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट वाटायचं, बरी जिरली.

त्या गाडीने आणि त्या मिस्त्रीने मला काय दिलं, तेही लिहिलं पाहिजे. वाडीतल्या किती बायका तिच्यातून बाळंतपणाला महाडला गेल्या आणि पोरं घेऊन परत आल्या. आय पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसायची आणि घाटात प्रत्येक वळणाला गाडीला "चल गो, चल" म्हणायची. बाबा गेले तेव्हा मी मुंबईहून धावत आलो नाही, त्यांच्या उशाशी होतो. पुढे एकाच्या तीन गाड्या झाल्या. कुठलीही गाडी रुसली की मी आधी विचारायचो, दमते का ठेचकाळते, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलायचो. लोक म्हणतात काशिनाथने स्वतःच्या जोरावर केलं. मीही तसंच म्हणतो, बोलायला बरं वाटतं. पण जोर कुठे द्यायचा ते शांताराम मिस्त्रीने दाखवलं. दर दसऱ्याला मी त्याच्या पाया पडत आलो आणि मनापासून पडत आलो.

हायवे रुंद झाला तेव्हा त्याचं गॅरेज गेलं. तो कापड्याला जाऊन बसला. मुलगा मुंबईला, त्याला पान्यांचं काय? मागच्या वर्षी मिस्त्रीने हत्यारांची पत्र्याची पेटी माझ्याकडे पाठवून दिली. तळाशी, तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक कॅप होती. काळी, जुनी. वरून खाली पाच तपकिरी बोटं, दुधाने आणि करंटाने भाजून घट्ट झालेली. एका बोटावर कोळशासारखी बारीक रेघ. आय तेव्हा नव्हती. तिची बोटं होती.

तडा कुठेच नव्हता. मी भिंगाने बघितलं, आतून, बाहेरून. मग शिकवल्याप्रमाणे केलं. ती पिवळी गाडी मी विकलेली नाही. तिच्यावर ती कॅप जशीच्या तशी बसवली, पोती भरली आणि घाटात गेलो. तिसऱ्या वळणावर ठेच. तिथेच कॅप काढली. साबणाच्या पाण्याने पुसावी की नको, यावर मी वळणाच्या कठड्यावर बराच वेळ बसून होतो. एका वेळी एकच. चार बोटं झाकून ठेवली आणि फक्त कोळशाची रेघ होती तेवढं एक बोट धुतलं, कॅप सुकवली, बसवली. गाडी वरपर्यंत गेली. करंटाची आडवाट म्हणजे आयचं ते दूध-कुंकवाचं बोट होतं. चार बोटं अजून तिच्यावर आहेत.

म्हणजे तडा गेलेली कॅप मिस्त्रीने आतल्या भंगारातून आणली होती. आयच्या हाताने गाडी अडली, हे तिला कळू नये म्हणून. तिच्या शेळ्या, तिची ढवळी, तिचा देव, आणि तिनेच माझा घाट बंद केला, हे ऐकून ती कशी जगली असती? आणि जागा दाखवणारा तर मी. हे सगळं त्याने एका विडीच्या वेळात ओळखलं. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

पण नाना शेट चार वर्षांपूर्वी गेला. कॅपचं कळल्यावर मी कॅरिअर घेऊन त्याच्या मुलाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "ठेवा ती तुमच्याकडेच. बाबा शेवटी आजारी असताना एकच विचारायचे, ती गाडी अजून चालते का." शेटच्या प्रेतयात्रेच्या दिवशीसुद्धा टपरीवर कुणीतरी म्हणालं होतं, मिसिंग शेट गेला. ते मीही ऐकलं होतं आणि हसलो होतो.

तिथून मी थेट कापड्याला गेलो. मिस्त्री ओट्यावर बसला होता. कॅप त्याच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "मिस्त्री, आयला वाचवलंत. शेटचं नाव का घेतलंत? वायरीचं घ्यायचं, देवाचं घ्यायचं, माझं घ्यायचं! मी बाजारात जाऊन काय करनार, तुमाला ठाऊक नव्हतं?" त्याने कानाला हात लावला. "ऐकू येत नाय रे आता." तेवढ्यात खालच्या रस्त्याने एक टेम्पो घाटाकडे गेला. मिस्त्रीने मान वाकडी केली. "तिसऱ्या सिलिंडरात चुकतोय," तो म्हणाला.

तर मिस्त्री, तुम्हाला ऐकू येतं. हे तुमच्या नातवाकडून वाचून घ्या. तुमच्यामुळे मी माझ्या घरात म्हातारा होतोय, त्यासाठी दसऱ्याला येईन आणि पाया पडेन. कॅपवर बोट मी दाखवलं आणि बाजारात तोंडही मीच सोडलं. माझ्या वाट्याचं मी महाडच्या बाजारात, त्याच दुकानासमोर उभा राहून, तितक्याच मोठ्या आवाजात सांगून आलो. लोक हसले, हसू देत. आता तुमच्या वाट्याचं राहिलं. निष्पाप माणसाच्या नावावर तो तडा तुम्ही लावलात आणि इतकी वर्षं मला पाया पडू दिलंत. आयची बोटं कुणी पुसू नयेत म्हणून पेटीत जपून ठेवलीत, मग शेटचं नाव का नाही जपलंत? कानाला हात लावायचा नाही. बोला.